एकतीस अंगठे

शहादेव मास्तरांनी जिवापाड जपलेल्या गोष्टी दोनच, एक सायकल आणि दुसरी इंग्रजी. लहानपणी शाळेत त्यांना वर्गाबाहेर दारात बसवत. तिथून कान देऊन ते इंग्रजी शिकले आणि पुढं त्याच भाषेचे मास्तर झाले. त्यामुळं आपल्या इंग्रजीत कुणी खोट काढलेली त्यांना मुळीच खपत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात शिरूर कासारजवळच्या त्यांच्या बौद्ध वस्तीची विहीर आटली. एकतीस जणांनी मिळून पाण्यासाठी सहकारी संस्था काढली. एका परदेशी मदतसंस्थेचं बोअरचं मशीन बीडला आलं होतं. सोमवारपर्यंत इंग्रजीत अर्ज द्यायचा आणि त्याच कागदावर सगळ्या सभासदांचे अंगठे हवेत, अशी अट होती. शनिवारी मास्तरांनी झोकात अर्ज लिहिला, अंगठेही झाले.

संध्याकाळी त्यांनी मदतसंस्थेचं छापील पत्रक वाचायला घेतलं आणि तिथंच घात झाला. परवान्याला इंग्रजीत लायसन्स. नाम असेल तर त्यात सी, क्रियापद असेल तर एस, हे त्यांनी पोरांना छड्या मारून शिकवलेलं. त्यांच्या अर्जात सी होता, पत्रकात मात्र नामालाही एस. संस्था अमेरिकेची, तिकडची रीतच तशी, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. पण वस्तीच्या अर्जाला कुणी हसेल, या नुसत्या विचारानं त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी अर्ज टराटरा फाडला आणि नवा लिहिला. अंगठे काय, सकाळी पुन्हा घेता येतील. माणूस शिकला की असा वेडा होतो.

सकाळी वस्तीत दारोदार कुलपं होती. पाण्याच्या संस्थेची म्हातारी अध्यक्षा मालनबाई रिकाम्या घागरीजवळ बसली होती.

"मुकादम दोन दिस आदीच ट्रक घिऊन आला," ती म्हणाली. "वीस जण ऊसतोडीला गेले. लेकरं सुदिक नेली."

मास्तरांनी ऊर फुटेस्तोवर सायकल हाणली. फाट्यावर ट्रकच्या चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या. परत येऊन त्यांनी उकिरड्यातून फाडलेल्या अर्जाचा एकेक तुकडा वेचला. चिकटवायला खळ हवी होती. मालनबाईनं डब्याच्या तळाचं मूठभर ज्वारीचं पीठ काढून दिलं. ओल्या खळीनं शाई पसरली.

सोमवारी बीडच्या कारकुनानं कागद उजेडाकडं धरला. "नऊच अंगठे दिसतात. बाकीचे फिसकटलेत. हे चालायचं नाही."

"आणि मजकूर?" मास्तरांनी विचारलं.

"मजकूर कोण वाचतं? साहेब अंगठे मोजतात."

मशीन दुसऱ्या गावाला गेलं. मास्तर वस्तीत परतले आणि काही न लपवता मालनबाईपुढं सगळं बोलून मोकळे झाले. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"दोनी बी अक्षरं बरोबर व्हती का, मास्तर?"

"व्हय, मावशी. विलायतेत पहिलं, अमेरिकेत दुसरं."

तिनं आपला अंगठा पाहिला. त्यावरची निळी शाई अजून गेली नव्हती. धुवायला पाणी कुठलं?

"मंग आमचा अंगठा कोणत्या देशात चुकला?"

मालनबाई उठून आत गेली, पण चूल पेटवली नाही. घरातलं पीठ अर्जाला लागलं होतं.