बॅटरीची परीक्षा

काकूंच्या नवऱ्याला माहेरचे सगळे 'सर्वज्ञ' म्हणत. हे नाव काकूंच्या धाकट्या भावाने ठेवलं होतं, आणि गंमत अशी की खुद्द सर्वज्ञांना ते कौतुकाचं वाटायचं. जन्मभर गोदामात खोकी रचून घेतलेला माणूस, निवृत्त झाला आणि रातोरात विजेतला जाणकार झाला. कारण काय, तर त्याने एक जुनी मोटरहोम विकत घेतली होती.

मोटरहोम म्हणजे काय हो? चाकांवरची दीड खोली. एक पलंग, एक ओटा, आणि ताठ उभं राहिलं की डोक्याला टेंगूळ. तिच्यात दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिनाची, तिच्यावर गाडी सुरू व्हायची. दुसरी घराची, तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप आणि एक छोटा टीव्ही चालायचा. संपलं. पण एवढ्याशा गोष्टीवर सर्वज्ञ जेवताना बोलत, फिरायला गेले की बोलत, दवाखान्याच्या रांगेत अनोळखी माणसाला कोपराने ढोसून बोलत. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आज मात्र त्या टीव्हीवर काकूंचा जीव टांगला होता. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की त्यांची लेक पहिल्यांदाच हवामान सांगणार होती. नेहमीची बाई रजेवर गेली म्हणून हिला संधी. दोनच मिनिटं, पण थेट.

लेक लहानपणी अडखळायची. 'प' आला की गाडी चिखलात रुतलीच. काकू शिवणयंत्रावर बसत, लेकीला शेजारी बसवत आणि पायाने यंत्र चालवत तिच्याकडून धडा वाचून घेत. यंत्राच्या ठेक्यावर शब्द सुटत. सुटला नाही, तर काकू एवढंच म्हणत, "अडखळलीस. पुन्हा." खोटं कौतुक त्यांनी कधी केलं नाही. म्हणून तर काल लेक फोनवर म्हणाली होती, "बाकी सगळे छान झालं म्हणतील गं. तू बघ आणि खरं काय ते सांग. हवामानात मेलं सगळं 'प'वरच आहे. पाऊस, पूर्व, पश्चिम!"

"बघते," काकू म्हणाल्या.

घरीच थांबू, असं त्या शंभरदा म्हणाल्या होत्या. पण सर्वज्ञ ऐकतील तर ना! "टीव्ही आहे की गाडीत! तळ्याकाठी बसून लेकीला बघू." तळ्याकाठी मोबाइलला रेंज नाही, हे तिथे पोचल्यावर कळलं. सर्वज्ञांना माहीत नसलेली जगातली ती एकमेव गोष्ट निघाली. छपरावरच्या अँटेनावर चित्र मात्र स्वच्छ येत होतं.

आणि मग त्या शहाण्याने काय करावं? ऐनवेळी फजिती नको म्हणून सकाळीच बॅटरीची परीक्षा घ्यायला काढली. चहा झाल्याबरोबर टीव्ही लावला आणि म्हणाले, "बंद करू नकोस. किती टिकते ते बघू."

आता बोला! भाजीत मीठ आहे का बघायला आख्खं पातेलं पुसून खाणारा माणूस हा. बरं, बॅटरी बारा व्होल्टची, टीव्हीही बारा व्होल्टचा. एक वायर पुरे. पण सर्वज्ञांनी मधे इन्व्हर्टर घातला होता. तो बाराचे दोनशे तीस करायचा आणि टीव्हीचा अडॅप्टर दोनशे तीसचे परत बारा. विहिरीचं पाणी गच्चीवर चढवायचं, मग बादलीने खाली आणून झाडाला घालायचं, तसला कारभार. त्या चढउतारात बॅटरी फुकट झिजत होती. पण साधी वायर लावली असती तर दाखवायला काय उरलं असतं? शेजारच्या गाडीतल्या जोडप्याला बोलावून दाखवलं, ती दोघं मान डोलावून डोलावून थकली आणि जेवण झाल्यावर गाडी घेऊन निघूनच गेली. सुटली बिचारी.

ओट्यावरच्या पट्टीत तीन दिवे होते. हिरवा म्हणजे बॅटरी भरलेली, पिवळा म्हणजे अर्धी, लाल म्हणजे संपत आली. दुपारी पिवळा लागला. मग सर्वज्ञ घोरत पडले, टीव्हीवर कोणीतरी कुंपणाला रंग देत होतं, आणि काकूंच्या डोळ्यांदेखत लाल दिवा लागला.

त्यांनी नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगून काय होणार? 'मला माहीत आहे,' म्हणणार, इंजिन सुरू करून बॅटरी चार्ज करणार आणि वर आपल्यालाच व्याख्यान देणार. त्यापेक्षा बसू दे की एकदा ठेच! बातम्यांच्या आधी टीव्ही धाडकन बंद पडेल, सर्वज्ञांचं थोबाड पाहण्यासारखं होईल, मग निवांत इंजिन सुरू करू. वेळ होता भरपूर. काकूंनी हातातलं पुसणं त्या दिव्यांवर अडकवून टाकलं आणि चहा ठेवला. खरं सांगायचं तर इतका गोड चहा त्यांनी बऱ्याच दिवसांत प्यायला नव्हता.

पण बॅटरीही मेली सर्वज्ञांचीच. पडायच्या वेळी पडेना. उन्हं उतरली, बातम्या सुरू होऊन संपतही आल्या, आणि टीव्ही चालूच. आता नेमका लेकीच्या वेळी बंद पडला तर, असं काकूंना वाटलं. "अहो," त्या म्हणाल्या, "इंजिन सुरू करता का जरा?"

"कशाला? माझी बॅटरी पास झाली!" सर्वज्ञ मांडीवर थाप मारून म्हणाले. "बघ, सकाळपासून चालू आहे."

काकू पुसणं काढायला उठल्या, आणि तेवढ्यात लेक दिसली. अंगात काकूंनी शिवलेला निळा कोट, मागे नकाशा. काकू उभ्याच्या उभ्या थिजल्या. "नमस्कार," लेक म्हणाली. छान. "उद्या सकाळपासून..." तिचे ओठ एकमेकांवर घट्ट मिटले. ते मिटणं काकू झोपेतसुद्धा ओळखतील. 'प' आला होता. इन्व्हर्टरने टीं केलं आणि पडदा काळा झाला.

"इंजिन! अहो, इंजिन!"

सर्वज्ञ धडपडत पुढे गेले, किल्ली फिरवली, मागे आले, बटणं दाबली. टीव्ही सावकाश जागा झाला आणि साबणाची जाहिरात लागली.

"बॅटरीच खोटी दिली लेकाच्यांनी!" सर्वज्ञ कडाडले आणि दिवे बघायला त्यांनी पुसणं ओढलं. तिथेच थांबले. हातातल्या पुसण्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. मुकाट्याने गाडी चालवायला बसले.

टेकडीवर रेंज आली आणि फोन लगेच वाजला. "आई! अडखळले का गं?"

काकू काही बोलायच्या आत सर्वज्ञांनी फोन काढून घेतला. "अगं, तिला बघताच आलं नाही. चूक माझी. मी दिवसभर टीव्ही लावून बॅटरी संपवली. मला त्यातलं काही कळत नाही."

लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकायला काकूंचे कान आसुसले होते. ते ऐकून जिवाला गार वाटेल, अशी त्यांची खात्री होती. आता त्यांना नुसती लाज वाटली. त्यांनी फोन हिसकावला.

"त्यांचं ऐकू नकोस. लाल दिवा मी दुपारीच पाहिला होता. वर पुसणं टाकलं. तुझ्या बाबांची फजिती बघायची होती मला."

पलीकडून मग लेक म्हणाली, "प... प..."

काकूंचा उजवा पाय गाडीच्या पत्र्यावर आपोआप खालीवर होऊ लागला. पण 'पुन्हा' म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"प... पण आई," लेक म्हणाली, "मग आता मला खरं कोण सांगणार?"