हिरवे भाऊ

फ्लॅश घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, "फोटो कसले काढता?" मी म्हणालो, "सगळे." त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कॅमेऱ्याकडे, आणि एक लहानसा फ्लॅश पुढे सरकवला. "घरगुती कामाला हा पुष्कळ झाला. सगळं आपोआप करतो."

घरगुती! तीन आठवडे ऑफिसात विम्याच्या फायलींआड लपून मी फ्लॅशची माहिती वाचत होतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस मी, मला आपोआप काही चालेल होय? कपाटातला सगळ्यात मोठा, सगळ्यात जास्त बटणांचा फ्लॅश उचलला. कॅमेऱ्यावर चढवला तर कॅमेराच तोंडघशी पडायला लागला.

खरं म्हणजे हे सगळं आत्यासाठी चाललं होतं. माझे बाबा आणि मोठे काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल तर दोघं वेगवेगळं सांगतात. आत्या दोघांहून मोठी. पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला तेव्हा तिनं दोघांनाही फोन केला. "मला भेटबिट काही नको. माझ्या दोन बाजूंना बसा आणि एक फोटो काढू द्या. मग खुशाल मरेपर्यंत बोलू नका." तिच्यापुढे दोघांचंही काही चालत नाही. फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण आपल्याला फोटोतलं कळतं अशी दवंडी मीच पिटली होती.

आठवडाभर घरी सराव केला. फ्लॅशचं डोकं छताकडे वळवायचं, की उजेड वरून परत येतो आणि चेहऱ्यावर मऊ पडतो. कपडे वाळत घालणाऱ्या बायकोचे चाळीस फोटो काढले. बघून ती म्हणाली, "बरी दिसते की मी!" लग्नानंतर माझ्या कामाचं तिनं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही स्वतःचंच.

आत्याच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या. मधे आत्या, डावीकडे काका, उजवीकडे बाबा. मी ऐटीत फ्लॅश वर वळवला, फुल पॉवर लावली आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहतो तर तिघंही हिरवेगार. आठ दिवस उलट्या झालेली माणसं दिसत होती! मान वर केली. आत्यानं छताला नुकताच हिरवा रंग दिला होता. खोलीत येऊन अर्धा तास झाला होता, पण माझं सगळं लक्ष बटणांत.

मग फ्लॅश सरळ तोंडावर मारला. बाबांनी डोळे मिटले. काका ओरडले, "आंधळा करतोस काय रे!"

तिसऱ्या वेळी फ्लॅश पेटेचना. सेल मी बायकोवरच संपवत आणले होते. "एक मिनिट हं, चार्ज होतोय. मागचा लाल दिवा लागला की काढतो," मी म्हणालो.

"तोवर मी गॅस बंद करून येते," म्हणत आत्या उठली. मधली खुर्ची रिकामी झाली. दोघं भाऊ समोरासमोरच्या दोन भिंतींकडे बघत बसले.

शेवटी काका माझ्याकडे बघत म्हणाले, "हा अगदी तुझ्यावर गेलाय, छोट्या."

छोट्या म्हणजे बाबा. वय वर्षं एकोणसत्तर. बाबांनी काकांकडे मान वळवली. मग म्हणाले, "माझ्यावर? चांगला चालणारा रेडिओ दुरुस्त करायला कोण बसलं होतं, दादा?"

"आणि उरलेले स्क्रू तू गिळलेस!"

"एकच गिळला होता!"

काका हसता हसता रिकाम्या खुर्चीवर आडवे झाले. बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली आणि हात तिथेच ठेवला. बाजूच्या खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. फ्लॅशशिवाय झकास फोटो निघाला असता. आणि मी गाढव, लाल दिव्याकडे बघत उभा होतो.

दिवा लागला. मी कॅमेरा वर केला तोवर दोघं नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखे ताठ बसले होते. आत्या दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी पडद्यावरचा हिरवा फोटो पाहिला. "शी! हा चालायचा नाही. परत काढावा लागेल. रविवारी माझ्याकडे या. आमचं छत पांढरं आहे." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "छोट्या, तूही ये. तुझ्याशिवाय कसा निघणार?" आत्यानं पदर डोळ्यांना लावला, आणि तो काही फ्लॅशमुळे नव्हे.

परतताना बाबा गाडीत फ्लॅश मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हणालो, "चुकलंच माझं, बाबा. रविवारी हा घेतच नाही. खिडकीशी बसवतो, एका मिनिटात फोटो काढून मोकळं करतो तुम्हाला."

बाबांनी फ्लॅशचं एक बटण उगाच दाबून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "एवढी घाई कशाला? रविवारचाही थोडा बिघडव की."