खिडक्यांची ओळ

"टाकी धुतलंस?"

"धुतलंय."

"गच्चीवरची जाळी?"

"साफ केलंय."

"बिजागरांक तेल?"

"घातलंय."

"खिडक्यो?"

"बंद."

अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या कामगार वस्तीत टेलिफोन बूथमध्ये दत्ताराम एका हाताने रिसीव्हर आणि दुसऱ्या हाताने पेन धरून उभा होता. बूथच्या फळीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. बायकोच्या प्रत्येक उत्तराला तो बरोबरची खूण करी. शुक्रवार होता, मागे रांग लागली होती. लोक फोनवर बायकापोरांची खुशाली विचारत, हा टाकीची विचारी. पण त्याला त्याचं काही वाटत नसे.

"आयकतास?" सगुणा म्हणाली. "घराक वास येता."

"कसलो वास?"

"बुरशीचो."

तेवढ्यात कार्ड संपलं.

दत्ताराम अबुधाबीत बारा वर्षं एका मेंटेनन्स कंपनीत होता. चौऱ्याऐंशी फ्लॅटचा एक टॉवर त्याच्या अंगावर. सातशे तीनचा व्हॉल्व्ह कुठे अडकतो, अकराशे एकच्या एसीचं पाणी कुठे साचतं, हे त्याला पाठ होतं. याचं कारण तक्ता. कोणतं काम, कधी करायचं, कोणी करायचं, तारीख. आणि कंपनीचा एक नियम: पक्की तारीख पेनाने, ज्या कामाचा पार्ट अजून आलेला नाही त्याची तारीख पेन्सिलने. दत्तारामला हा तक्ता म्हणजे जगातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटायची.

दोन वर्षांपूर्वी कुडाळजवळ त्याचं स्वतःचं घर झालं. चिऱ्याचं, स्लॅबचं, अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं. बारा वर्षांची कमाई त्यात गेली होती. लोक घर बांधतात आणि विसरतात, आपण तसं करायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. रजेचे चाळीस दिवस तो त्या घरात राहिला, तेही शिडीवरच. रस्त्याने चिऱ्याचे ट्रक जात, लाल धूळ उडे. मग त्याने सामानातून नेलेल्या सिलिकॉनच्या नळ्या काढल्या आणि स्वयंपाकघर सोडून सगळ्या खिडक्यांच्या फटी भरून टाकल्या. बावीस ओळींचा तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला. नववी ओळ होती: खिडक्या बंद ठेवणे, रोज, सगुणा. मग तो परत आला. पुढची रजा कंपनी देईल तेव्हा.

पुढच्या शुक्रवारी त्याने खुणा झाल्यावर स्वतःच विचारलं, "वास गेलो?"

"खयचो जातलो? भिंतीर काळा इला. तुमच्या लग्नातल्या कोटार पण."

"कापूर ठेव. फिनेल मार. ही दोन कामा वाढवून लिवून धाडतंय."

"बरा," सगुणा म्हणाली. वाद घालायचा तिचा स्वभाव नव्हता.

रविवारी संध्याकाळी तो खोलीत पट्टी घेऊन तेविसावी ओळ आखायला बसला. समोरच्या खाटेवरचा वली, उत्तर प्रदेशातला सुतार, चहा ढवळत बघत होता. त्याने सगळी हकिकत विचारून घेतली.

"खिडकी कब से बंद है?"

"दो साल. धूल नहीं आती."

"और एसी?"

"गांव में एसी कहाँ?"

वलीने चमचा खाली ठेवला. "दत्ता, तूने तो गांव में मुसफ्फा बना दिया."

दत्तारामची पट्टी जागच्या जागी राहिली. इथे रेती येऊ नये म्हणून खिडक्या बंद आणि एसी अहोरात्र चालू. तिकडे चार महिने हवेत पाणी. आई रोज सकाळी उठून आधी खिडक्या उघडायची, हे त्याला आठवलं आणि त्याची मान खाली गेली. ज्या हवेत वाढलो तीच विसरलो, याची त्याला खरोखर लाज वाटली. आपलं घर आपल्याच अक्षराने सडतंय. पण हातपाय गाळून बसणारा तो माणूस नव्हता. चूक कळली की त्याच दिवशी दुरुस्त, हाही तक्त्याचाच नियम होता. तो उठून बूथपर्यंत गेला, पण बूथ बंद होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्याने टॉवरसमोरचा बूथ गाठला.

"काय झाला? कोणाक काय झाला?" सोमवारचा फोन म्हटल्यावर सगुणा घाबरलीच.

"कोणाक काय नाय. सुरी घे. सगळ्या खिडक्यांचो सिलिकॉन काप. खिडक्यो उघड."

ती म्हणाली, "कापलंय."

"कधी?"

"शुक्रवारी. तुमचो फोन ठेवलंय नि कोयती घेतलंय."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तुमच्या कागदार तशी ओळच नाय होती."

दत्ताराम हसला. शुक्रवारच्या रांगेतल्या लोकांनी त्याला बूथमध्ये हसताना कधी बघितलं नव्हतं.

महिन्याभराने गावचा परेश रजेवरून परत आला. त्याच्याकडे सगुणाने कोकमं दिली होती आणि दारावरचा तो तक्ता, तेलाच्या डागांसकट. "नवो करून धाडा म्हणून सांगल्यान," परेश म्हणाला.

नववी ओळ तिने खोडली होती. वर लिहिलं होतं: खिडक्या सकाळी उघडणे, तिन्हीसांजेला लावणे. पुढे रोजच्या खुणा, एकही दिवस सुटलेला नाही. आणि सगळ्यात खाली तिने स्वतः एक ओळ आखली होती, पट्टी न घेता, थोडी वाकडी.

काम: घराच्या मालकाने घरात राहणे.

कोणी करायचं: तुम्ही.

कधी आणि तारीख, हे दोन्ही रकाने तिने मोकळे सोडले होते.

दत्तारामने कोरा कागद घेतला. बावीसच्या बावीस ओळी पेनाने नव्याने लिहिल्या, नववी तिच्या शब्दांत. तेविसावी पट्टीने सरळ आखली. 'कधी'च्या रकान्यात लिहिलं: कायमचं. तारखेपाशी तो थांबला. वलीने विचारलं, चहा ओतू का. तो "हाँ" म्हणाला, पेनाला टोपण लावलं आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.