चहाचा नव्हे, सुरुंगाचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, आणि माझा घसा अजून ठणठणीत आहे. अंगावरचा रंग उडाला आहे, तिवईच्या एका पायाला जोड दिला आहे, पण तेवढ्यावरून मला म्हाताऱ्यांत काढू नका. विजेवर चालणारे माझे धाकटे भाऊबंद बटण दाबले की बोंबलतात. माझे तसे नाही. माझ्या पोटात पात्यांचे एक चक्र आहे. बाजूची मूठ धरून कुणीतरी घाम गाळला की ते चक्र गरगर फिरते, हवा आत ओढते आणि फटींतून बाहेर भिरकावते. मग माझा जो सूर लागतो, तो ऐकून माणसाने आहे तिथेच थांबावे, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा एके काळी पुरी होत असे. मध्यंतरी बरीच वर्षे झाली नाही. आता पुन्हा होते. ती कशी, ते ऐका.

माझा जन्म एका चिंचोळ्या कारखान्यात झाला. एक लेथवाला आणि त्याचा मेहुणा, एवढीच तिथली माणसे. लेथवाल्याने माझी पाती एकेक करून घासली, तोलली, पुन्हा घासली. शेवटी त्याने पहिल्यांदा मूठ फिरवली, तेव्हा समोरच्या घरातले मांजर छपरावर चढले आणि दुपारपर्यंत खाली उतरले नाही. लेथवाला पोट धरून हसला. "झालं काम!" तो म्हणाला. तीच माझी पहिली शाबासकी.

पुढे मी आगीच्या बंबावर बसलो. काय ते दिवस होते! मी तोंड उघडले की रस्ता दुभंगायचा. मोठमोठ्या गाड्या अंग चोरून कडेला उभ्या राहायच्या, दुकानदार पायरीवर यायचे आणि बाया खिडकीतून हात जोडायच्या. नंतर बंब नवा आला आणि त्याच्याबरोबर विजेचा भोंगाही आला. मला कोठीत ठेवले. माझ्या तोंडात एका पाखराने काड्या आणून घातल्या, इतका मी मुका झालो. शेवटी मला दगडखाणीच्या मालकाने विकत घेतले.

खाण वस्तीला अगदी खेटून होती. एका बाजूला डोंगर पोखरून केलेली खोल कपार, तिच्यासमोर खडी फोडणारी यंत्रे, मग फाटक, मग रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरांची रांग. सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजवावा, असा नगरपालिकेचा नियम होता. त्या एका ओळीच्या नियमासाठी मला आणले होते. माझी मूठ फिरवायला आत्या होती. ती मुकादमाची थोरली बहीण. मुकादमाची मुले तिला आत्या म्हणत, म्हणून सारी खाणच तिला आत्या म्हणू लागली, अगदी पांढऱ्या मिशांचा सुरुंगवालासुद्धा.

सुरुंगवाल्याची बसायची जागा एका भिंतीआड होती. तिथून त्याला रस्ता दिसत नसे. त्याचा सारा हिशेब माझ्या आवाजावर. भोंगा सुरू झाला की सावध, भोंगा थांबला की दाब बटण. थोडक्यात, माझे बोलणे लोकांसाठी आणि माझे गप्प होणे त्याच्यासाठी.

सुरुवातीला सगळे सुरळीत चालले. मग मालकाच्या डोक्यात आले की एवढा दणदणीत भोंगा हाताशी असताना तो दिवसभर बसून का राहावा? मग मी चहाला वाजू लागलो. जेवणाला वाजू लागलो. पाळी बदलली की वाजू लागलो. मालकांची गाडी फाटकाशी आली की वाजू लागलो. एकदा तर मुकादमाचा चष्मा सापडेना म्हणून सगळ्यांना गोळा करायला मला वाजवले, आणि चष्मा त्याच्या कपाळावर निघाला.

आत्याने एकदा मालकांना सांगून पाहिले. "मालक, चहाला घंटा बांधा की एखादी. भोंगा सुरुंगापुरता राहू द्या."

"अहो आत्या, घरात हत्ती असताना गाढव कशाला पाळायचं?" मालक हसत म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

रोज मरे त्याला कोण रडे! लोकांनी माझ्याकडे कानाडोळा करायला सुरुवात केली. मी कंठशोष करावा आणि रस्त्याने जाणाऱ्याने मानही वळवू नये. बंबावरचे दिवस आठवून मला फार वाईट वाटे.

माझे म्हणणे मनापासून ऐकणारे एकच माणूस उरले होते. त्या होत्या रस्त्यापलीकडच्या बेकरीवाल्या वहिनी. त्यांचे घर आणि भट्टी एकाच छपराखाली होती. त्या पहाटे पीठ मळत, सकाळी पाव भाजत आणि माझा चहाचा आवाज आला की गरम पावांचे पत्र्याचे ताट डोक्यावर घेऊन, रस्ता ओलांडून फाटकाशी येत. कामगार त्यांची वाट पाहत. पाव चहात बुडवून खाल्ला की दुपारपर्यंत पोटाला आधार.

आणि नेमका तिथेच घात झाला. एके दिवशी खडकात भोके पाडणारे यंत्र अडून बसले आणि सकाळचा सुरुंग लांबत लांबत चहाच्या वेळेवर आला. आत्याने मूठ धरली. मी सूर लावला. एवढ्यात समोरचे दार उघडले आणि वहिनी बाहेर पडल्या. डोक्यावर ताट, चेहऱ्यावर हसू.

आत्याने त्यांना पाहिले. तिने हात थांबवला तर मी थांबणार आणि मी थांबलो की भिंतीआडून बटण दाबले जाणार. म्हणून ती अधिक जोरात फिरवू लागली. मी अधिक जोरात ओरडलो, "थांबा, थांबा!" पण वहिनींना काय ऐकू आले असेल? आज माणसांना फार भूक लागलेली दिसते! मी जितका ओरडलो, तितकी त्यांनी पावले उचलली.

वहिनी रस्त्याच्या मध्यावर आल्या तेव्हा आत्याने मूठ सोडली आणि ती धावली.

मित्रांनो, आमच्या जातीचे एक बरे असते. मूठ सोडली तरी पोटातले चक्र लगेच थांबत नाही. आवाज उतरत उतरत जातो. त्या दिवशी मी तो शेवटचा सूर ताणता येईल तेवढा ताणला. गुरगुरलो, घोगरा झालो, कण्हलो, पण गप्प झालो नाही. तेवढ्यात आत्याने वहिनींचा दंड पकडून त्यांना कडेला उभ्या असलेल्या डंपरमागे ओढले. ताट रस्त्यातच पडले. मी मुका झालो आणि डोंगर हादरला. नारळाएवढा एक दगड रस्त्यावर येऊन त्या ताटावर आदळला. पत्रा असा आत गेला की त्यात वाटीभर पाणी राहिले असते.

वहिनी त्या ताटाकडे बघतच राहिल्या. "आत्या," त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं चहा झाला."

आत्याने त्यांना पोटाशी धरले. दोघीही रडल्या.

संध्याकाळी मालक आले. ते दुष्ट नव्हते, पण अंगावर आले की शिंगावर घ्यायचे, हा त्यांचा स्वभाव. "भोंगा वाजला होता की नाही? वाजला होता! मग माझं काय चुकलं? नियम पाळलाय मी." आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, "हा डबाच जुनाट झालाय. काढा भंगारात. नवा आणतो. मिटलं!"

ज्याने शेवटच्या श्वासापर्यंत साथ दिली, तोच डबा आणि तोच भंगार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही!

पण वहिनी गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी नगरपालिकेत तक्रार दिली, वस्तीतली घरेच्या घरे त्यांच्यामागे उभी राहिली आणि सुनावणी ठरली. आदल्या दिवशी मुकादम बहिणीजवळ येऊन बसला.

"ताई, तू काही बोलू नकोस. आपण त्यांचं मीठ खातो."

"खातो ना," आत्या म्हणाली, "म्हणून त्यांच्या हातून माणूस मरू द्यायचं? नोकरी गेली तर जाईल. पण उद्या ती बाई दगडाखाली गेली, तर हीच मूठ मी कुठल्या हाताने धरू?"

मुकादम उठून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी मला नगरपालिकेत न्यायचा हुकूम आला, तेव्हा डंपरमध्ये चढवायला एका बाजूने त्यानेच हात लावला.

सभागृह लांबट होते. टेबलावर पेल्यांचे गोल गोल डाग पडलेले, पंखा कुरकुरणारा. मला बाहेर अंगणात ठेवले होते, पण खिडक्या उघड्या असल्याने मला सगळे दिसत आणि ऐकू येत होते. समोर अध्यक्षबाई बसल्या होत्या. टेबलावर तो दगड आणि शेजारी ते चेपलेले ताट.

नवे नियम वाचून दाखवले गेले. घरांजवळ ठरवून दिलेल्या हद्दीच्या आत सुरुंग लावायचा नाही. बाहेरही तो दिवसातून एकदाच आणि ठरलेल्या वेळी उडवायचा. रस्त्याची दोन्ही टोके लाल झेंडे लावून बंद करायची आणि झेंडेवाल्यांनी रस्ता मोकळा असल्याची हाक दिल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. गाड्यांवरची खडी झाकायची, धुळीवर पाणी मारायचे. मालकांनी थोडी कुरकुर करून एकेक मान्य केले. मग शेवटचा नियम आला. भोंगा फक्त सुरुंगासाठी वाजेल, दुसऱ्या कशासाठीही नाही.

"हे मात्र अति होतंय," मालक उठून म्हणाले. "चहाचा आखूड वाजतो, सुरुंगाचा लांब. शेंबड्या पोरालाही फरक कळतो. या वहिनींचं लक्ष नव्हतं, त्याला मी काय करू?"

वहिनींचा चेहरा पडला. सभागृहात कुजबुज झाली. एक-दोन सभासद मान डोलवू लागले. तो नियम गळाला असता तर माझे ओरडणे पुन्हा वाऱ्यावर गेले असते आणि वहिनींच्या डोक्यावर पुन्हा कधीतरी दगड आला असता.

तेवढ्यात आत्या उठली. ती अध्यक्षबाईंच्या कानात काहीतरी पुटपुटली. बाईंनी मान हलवली. आत्या बाहेर माझ्याकडे आली, पण लगेच मूठ धरली नाही. आत सभा पुढे सरकू दिली. तो नियम जरा बाजूला राहिला आणि मालक धुळीवर पाणी मारण्याच्या तपशिलाबद्दल बोलू लागले. टँकर कुठला, पाणी किती, कोण आणणार, असे त्यांचे रंगात आलेले बोलणे चालले होते. मग आत्याने पदर खोचला आणि मूठ फिरवली.

मी असा लागलो, मित्रांनो, असा लागलो, की पंखाही कुरकुरायचा थांबला असेल. लांबलचक, भरदार, बंबावर असताना लागायचो तसा.

मालक बोलता बोलता थांबले. घड्याळाकडे बघितले आणि मागे वळून सहज म्हणाले, "मुकादम, सगळ्यांना चहा सांगा."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसले आणि सारे सभागृह खदखदू लागले. अध्यक्षबाईंनी तोंडावर रुमाल धरला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आत्या मला सांगूनच गेल्या होत्या. हा सुरुंगाचा वाजला."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? मालक लालेलाल झाले. त्यांनी टेबलावरच्या ताटाकडे पाहिले, दगडाकडे पाहिले. मग खुर्चीत बसत म्हणाले, "लिहून टाका, बाई. वहिनी, माझं चुकलं."

वहिनींनी आत्याचा हात असा घट्ट धरला की बांगड्या वाजल्या. मुकादम टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता! आणि मला भंगारात काढायचे म्हणणाऱ्या मालकांनी त्याच आठवड्यात माझ्या तिवईला नवा जोड घालून दिला.

नव्या नियमांचा पहिला दिवस मी जन्मात विसरणार नाही. आत्याने माझ्या चक्राला तेल दिले. रस्त्याच्या दोन्ही टोकांना लाल झेंडे उभे राहिले. गाड्यांच्या रांगा लागल्या. वहिनींनी भट्टीवरचे झाकण ओढले आणि दार लावून घेतले. शेजारणींनी मुलांना आत बोलावले. एका झेंड्यापाशी मालकांचीच गाडी अडली. झेंडेवाला चाचरत म्हणाला, "साहेब, तुमचीच खाण आहे. जायचं तर जा की."

मालकांनी गाडी बंद केली. "अजून भोंगा झाला नाही," ते म्हणाले.

मग मी गायलो. हो, गायलोच! साऱ्या वस्तीत दुसरा आवाज नव्हता. सायकलवाला एक पाय टेकून उभा, पाणीवाला नळ बंद करून उभा, कुत्रीसुद्धा ओसरीवर. इतकी माणसे माझ्या एका शब्दावर थांबली होती. दोन्ही टोकांकडून हाक आली, मी थांबलो, डोंगर हादरला, धूळ उठली आणि पाण्याखाली बसली. कुणाच्या अंगावर खडाही पडला नाही. मग धोका टळल्याचा, वाट मोकळी झाल्याचा सूर मी लावला तेव्हा थांबलेल्या सगळ्या गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती.

चहासाठी आता फाटकाशी लोखंडी पट्टीचा तुकडा टांगला आहे. त्याचा आवाज मांजराच्या शिंकेएवढा, पण चहासाठी कुणाला मोठा आवाज लागतो?

मित्रांनो, तुमच्या वाटेतही कुणी ना कुणी असाच ओरडून सांगणारा असेल. भोंगा असेल, लाल दिवा असेल, नाहीतर घरातले एखादे माणूस असेल. त्याला उगाच प्रत्येक गोष्टीला ओरडायला लावू नका. त्याला तेलपाणी करा, त्याची काळजी घ्या. आणि तो ओरडला, तर कामाची कितीही घाई असो, थांबा.

ती पाहा, आत्या हात पुसत आलीच. झेंडे वर झाले. चला, बोलणे पुरे झाले, भिंतीआड व्हा बघू सगळे. आता माझी वेळ आहे!