मिनिटभराची वाट

मित्रांनो, मी एक जुने गारठवणारे यंत्र आहे. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात, एका प्रयोगशाळेत मी बारा वर्षे राबलो.

माझ्या पोटात द्रवरूप हेलियम असे. खायच्या सोड्याच्या जातीचे एक औषध मी त्यात गोठवी आणि त्यातला कण न् कण शाळेतल्या मुलांसारखा रांगेत उभा करी. मग कढत पाण्यात ते विरघळवून, निववून इंजेक्शनात भरत. ते उंदराच्या अंगात गेले, की बोळाच्या टोकाचे एमआरआय यंत्र त्याच्या कॅन्सरच्या गाठीतला आंबटपणा चित्रात दाखवी. पण ती रांग जेमतेम मिनिटभर टिके. म्हणून प्रयोगशाळेतला मदतनीस प्रेबेन इंजेक्शन घेऊन धावत सुटे. दारे आधीच कुणीतरी उघडी धरून ठेवलेली असत.

माझ्या कामाचा तो शेवटचा दिवस. हेलियम संपत आले होते, दोनच मात्रा निघणार होत्या. तिथली संशोधक बोडिल हिने आपल्या उंदराला सहा आठवडे नवे औषध दिले होते. गाठीचा आंबटपणा उतरला का, हे तिला आजच कळणार होते, नाहीतर कधीच नाही.

पहिली मात्रा घेऊन प्रेबेन धावला. वळणावर धडाड असा आवाज झाला. इंजेक्शन वाचले, पण वेळ गेला. चित्र कोरे आले.

प्रेबेन लंगडत परतला. "बोळात टेबल कुणी मांडलं?"

"मी," बोडिल पुटपुटली. "आज तुझी साठी ना. केक ठेवला होता. परत येताना दिसावा म्हणून."

"अगं, परत येण्याआधी जावं लागतं."

तिचे डोळे भरले. आपल्याच मायेने आपलेच काम बुडवले, याचे दुःख फार वाईट असते. मी गारठलेलो, पण मलाही ते सोसवेना.

दुसरी मात्रा तयार व्हायला दीड तास लागला. तोवर प्रेबेनचा गुडघा टम्म सुजला.

"आता तू पळ," तो म्हणाला.

"मी कधी पळले नाही रे."

"बारा वर्षं मला 'पळ, पळ' म्हणतेस. आता कळेल. टेबल मी हलवलंय, दार धरतो."

बोडिल पळाली. मी श्वास रोखून तिची पावले ऐकत राहिलो. मग तिचा रडवेला आवाज आला, "आंबटपणा उतरलाय, प्रेबेन. कडेला थोडा आहे, पण उतरलाय."

"मग टेबल आणू का आता बोळात?"

डेन्मार्कमध्ये वाढदिवसाचा केक माणसाच्या आकाराचा असतो, आणि त्याची मान कापताना सगळ्यांनी किंचाळायचे असते. त्या चेपलेल्या केकपुढे बोडिल इतकी किंचाळली, की माझा पत्राही थरथरला.

आता माझ्या पोटात हेलियम नाही. मी कोपऱ्यात धूळ खातो. मित्रांनो, कुणी घाईने काही घेऊन निघाला असेल, तर त्याच्या वाटेत काही ठेवू नका, प्रेमाने आणलेला केकसुद्धा नको. आधी दार धरा. केक थांबतो.