उद्याची भाषा सांगणारा अंक

मित्रांनो, मी एका मासिकाचा जुना अंक आहे. संगणकाला काम सांगायला माणसे ज्या भाषा वापरतात, त्यांच्याविषयीचे ते मासिक होते. छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा कागद गुळगुळीत होता आणि मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत छापले होते, 'उद्याची भाषा हीच!' त्या भाषेचे नाव आता कुणी काढत नाही, म्हणून मीही काढत नाही.

टपालाने मी मास्तरांच्या घरी आलो. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत ते राहत आणि बाहेरच्या खोलीत संगणकाचा वर्ग चालवत. त्यांनी मला उभ्या उभ्या वाचून काढले आणि लेकीला हाक मारली.

"अगं, इकडे ये! आता आपण हीच शिकवायची."

"बाबा, नक्की ना? बाकीचं सगळं सोडायचं?"

"अगं, छापून आलंय!"

ते माझे सुखाचे दिवस. मुलेमुली मला हातोहात नेत, माझ्या समासात पेन्सिलीने खुणा करत. एकाने तर माझ्यावर चहा सांडला आणि मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या. लेक सगळ्यांत हुशार निघाली. त्याच भाषेच्या जोरावर तिला विमा कंपनीत नोकरी लागली. मग काय, आल्यागेल्याला मला दाखवल्याशिवाय मास्तरांना चैन पडेना.

काही वर्षांनी माझ्याच मासिकाचा एक नवा अंक आला. आत एका कोपऱ्यात चारच ओळी होत्या. ती भाषा बनवणाऱ्यांनी तिच्यावरचे काम थांबवले होते. मुखपृष्ठावर दुसऱ्याच भाषेचे नाव झळकत होते. हळूहळू वर्ग रिकामा झाला. मुले निरोप न घेताच गेली. जिन्यात पावले वाजली, की ती शिंप्याच्या गिऱ्हाइकांचीच असत.

एक दिवस मास्तरांनी मला पिशवीत घातले आणि थेट मासिकाची कचेरी गाठली. तिथे खुर्च्या एकमेकींवर रचलेल्या होत्या. संपादक स्वतः अंकांचे गठ्ठे बांधत होते, कारण मासिकही बंद पडले होते.

"तुम्ही लिहिलंत म्हणून मी शिकवली," मास्तर म्हणाले. "लोकांच्या पोरांना शिकवली. माझ्या पोरीलाही."

"मास्तर, आम्हाला तरी पुढचं कुठे दिसत होतं? तो अंदाज होता."

"मग 'अंदाज' हा शब्दही एवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायचा होतात."

सुतळीची गाठ आधीच पक्की बसली होती, तरी संपादक ती आवळत राहिले.

खरे दुःख पुढेच होते. कंपनीचा सगळा जुना कारभार नव्या भाषेत न्यायचे ठरले आणि ते काम लेकीवर आले. ती जुने उलगडून सांगे आणि नव्या भाषेत ते एक यंत्रच लिहून काढी. जितके काम पुढे सरके, तितकी तिची गरज कमी होई. हे तिला ठाऊक होते, तरी तिने हयगय केली नाही. काम संपले त्या दिवशी ती आपले सामान घेऊनच घरी आली.

"झालं का गं सगळं?" मास्तरांनी विचारले.

"झालं, बाबा. एकही चूक निघाली नाही."

"शाबास," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

लेक आता परगावी आहे, नव्याने शिकते आहे. जाताना ती बापाला खूप म्हणाली, "चला माझ्याबरोबर." ते म्हणाले, "वर्गातलं कुणी आलं आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

मित्रांनो, माझी पाने पिवळी पडली, कडांना कसर लागली. मला रद्दीत द्या, माझी तक्रार नाही. तुम्ही जे शिकाल, तेही कधीतरी जुने होईल. तेव्हा ते शिकवणाऱ्याला रद्दीत काढू नका. वाट वाकडी करून एकदा त्याच्याकडे जा. दारावरची बेल वाजली, की मास्तर अजून घाईघाईने केस सारखे करतात. बहुतेक वेळा मीटर बघणारा आलेला असतो.