जमिनीतला झरोका

"तू जा वर. माझा गुडघा ऐकणार नाही," असं म्हणून रवींद्र दिवाणखान्यातल्या लांब बाकावर टेकला.

शुभदाने आग्रह केला नाही. अलीकडे ती कशाचाच करत नसे. एमराल्ड हिलवरची ही चिनी कुटुंबांची जुनी घरं बघायचा बेत खरं तर शेजारणीचा. ऐनवेळी तिच्याकडे पाहुणे आले म्हणून तिकिटं यांच्या गळ्यात पडली. मरीन परेडच्या घरून येताना बसमध्ये दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होती.

अनुया, त्यांची एकुलती एक मुलगी, चोविसाव्या वर्षी आठवडाभराच्या तापात गेली, त्याला आता दोन वर्षं होतील. तेरावं झाल्याबरोबर रवींद्र बँकेत कामावर गेला. तेव्हापासून त्याने तिचं नाव काढलं नव्हतं, की फोटोकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. "माणूस आहे की दगड!" असं शुभदा बहिणीला फोनवर म्हणाली होती, तो ऐकत असताना.

माडीवर काळोखी होती. मोठा कोरीव पलंग, डाग पडलेले आरसे. घर दाखवणाऱ्या वयस्क मिसेस तान यांनी गालिचा सरकवून जमिनीतला तळहाताएवढा लाकडी तुकडा उचलला.

"दार वाजलं की घरातल्या बायका इथून बघायच्या, कोण आलंय ते. पाहुण्याला पत्ताही नसायचा. बघा ना, मॅडम."

शुभदाने वाकून भोकाला डोळा लावला.

खाली रवींद्रने बाकावरची छत्री उचलून जमिनीवर ठेवली. स्वतः कडेला सरकला. मग मोकळ्या झालेल्या जागेकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "आईला वेळ लागेल गं. तिला सगळं निरखून बघायचं असतं. कंटाळलीस का, अनू?"

त्याने मान कलती केली, उत्तर ऐकावं तशी. आणि हसला. ते हसू शुभदाने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. हसता हसताच त्याने रुमाल डोळ्यांवर दाबून धरला.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. बाकाच्या त्या जागेकडे बघायचा धीर होईना. ती रोज फोटोपुढे बसून हाका मारायची. तिच्याकडे अनू कधीच आली नव्हती.

"खाली कोणी आहे का?" मिसेस तान यांनी विचारलं.

"आमचीच माणसं," शुभदा म्हणाली आणि लाकडी तुकडा जागच्या जागी बसवला.

उतरताना तिने मुद्दाम जिना वाजवला. मध्यावर थांबून खोकलीसुद्धा. खाली पोचली तेव्हा रवींद्र छत्री घेऊन उभा होता, चेहरा नेहमीसारखा कोरडा.

"झालं बघून? निघायचं?"

"बसू या जरा, अहो."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मधली जागा मोकळी ठेवून. रवींद्रने त्या जागेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि सावकाश आपल्या टोकाला बसला.